‘विजयी’

30 सप्टेंबर 2012, रविवारची रात्रपाळी. कोलंबोत ट्वेंटी-20 विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना होता. अशा दिवशी मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर दुसऱ्या कुठल्याही खेळाला जागा मागणं म्हणजे लग्नघरात जाऊन शांतता मागण्यासारखं. तरी मी मागितली. शिकागोजवळ मेडायनाला रायडर चषकाचा, म्हणजे गोल्फमधल्या अमेरिका विरुद्ध युरोप लढतीचा, शेवटचा दिवस होता आणि आमच्या डेस्कवर गोल्फ माझ्याकडे असायचं. बऱ्याच घासाघिशीनंतर पान तेरावर उजव्या कडेला एक कॉलम मिळाला, त्याखाली इतिहासाची छोटी चौकट.

चौकट मी शनिवारीच लिहून ठेवली होती. खरं सांगायचं तर तीन चौकटी होतील एवढा मजकूर झाला होता आणि कापताना जीव तुटत होता. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सचे सॅम्युअल रायडर हे बियाणांचे व्यापारी. एका पेनीला बियांचं एक पाकीट विकून त्यांनी धंदा उभा केला. पन्नाशीच्या आसपास प्रकृतीसाठी म्हणून गोल्फ धरलं आणि ते असं धरलं की एब मिचेल या व्यावसायिक खेळाडूला शिकवणीला ठेवून घेतलं. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या व्यावसायिकांमधल्या लढतीसाठी 250 पौंडांचा सोन्याचा चषक दिला तो याच रायडरनी. चषकाच्या झाकणावर जो खेळाडू उभा आहे तो मिचेल. 1927 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला पहिली अधिकृत लढत झाली तेव्हा अपेंडिक्समुळे मिचेलला बोटीवर चढताच आलं नाही. ज्याची मूर्ती चषकावर, तोच पहिल्या लढतीला नाही. हे वाक्य कापायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

या स्पर्धेत खेळाडूंना बक्षिसाची रक्कम नसते. एरवी प्रत्येक फटक्याला पैसा मोजणारी माणसं इथे सोबत्यांसाठी खेळतात, म्हणून मला ही स्पर्धा सगळ्यात जवळची. पण ती बराच काळ एकतर्फी होती. 1935 ते 1983 या काळात अमेरिका फक्त एकदा हरली, 1957 मध्ये. 1969 मध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) अमेरिकेच्या जॅक निकलसनी ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा जेमतेम तीन फुटांचा पट (चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका) सोडून दिला, म्हणजे ‘मारू नकोस, गेला असं धरतो’ म्हणून चेंडू उचलायला सांगितलं. लढत 16-16 अशी बरोबरीत सुटली. पुढे याच निकलसनी आग्रह धरला की ब्रिटन-आयर्लंडच्या जोडीला युरोपातलेही खेळाडू घ्या, नाहीतर ही स्पर्धा मरेल. 1979 पासून तसं झालं. स्पेनचा सेव्हे बायेस्तेरोस आला आणि काट्याचं पारडं हलायला लागलं. 1985 ला युरोप जिंकला, 1987 ला तर अमेरिकेत जाऊन जिंकला.

मेडायनात मात्र शनिवारअखेर अमेरिका 10-6 ने पुढे होती. रविवारी एकास एक असे बारा सामने. जिंकला तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. चषक आधीच युरोपकडे होता, त्यामुळे त्यांना तो राखायला 14 गुण पुरे होते. पण त्यासाठी बारातले आठ हवे होते, तेही परक्या मैदानावर.

संध्याकाळी मी मथळा दिला : ‘अमेरिका विजयाच्या उंबरठ्यावर’. त्या वेळेला तो खरा होता.

मग सामना सुरू झाला. पाकिस्तान 128 वर आटोपलं, कोहली नाबाद 78, भारत आठ गडी राखून जिंकला. अख्खं ऑफिस टीव्हीपुढे. त्या गदारोळात वृत्तसंस्थेची एक ओळ माझ्या पडद्यावर आली : रॉरी मॅकिलरॉयनी सामन्याची वेळ वाचताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची आणि शिकागोची वेळ यांची गल्लत केली, पोलिसांच्या गाडीतून कसाबसा दहा-एक मिनिटं आधी मैदानावर पोहोचला. ती ओळ मी कॉपीत घुसवली. सामन्यासाठी रोखून धरलेली डाक आवृत्ती सुटली आणि जिल्ह्यांच्या गाड्या निघाल्या.

साडेबाराच्या सुमाराला डाकेचा अंक टेबलावर आला. पहिलं पान कोहलीचं. मी पान तेरा उघडलं. उजव्या कडेला, ठळक टाइपात : ‘अमेरिका विजयी’.

मला आधी ते वाचताच आलं नाही. म्हणजे अक्षरं दिसत होती, पण ती मी लिहिलेली नव्हती. एक कॉलम किती अरुंद असतो ते पान लावणाऱ्यालाच ठाऊक. ‘विजयाच्या उंबरठ्यावर’ तीन ओळींत तुटत होतं, खाली चौकट बसत नव्हती, गाड्या खोळंबल्या होत्या. कुणीतरी उंबरठा काढला आणि विजय ठेवला. डाक आवृत्ती सुटली तेव्हा शिकागोत दुपारचे सव्वाबारा झाले होते. बारातला एकही सामना संपलेला नव्हता, काही तर सुरूही व्हायचे होते.

चूक कुणाची हे शोधायला वेळ नव्हता. शहर आवृत्तीत तोच मजकूर तसाच पुढे जाणार होता. मी रात्रपाळीच्या प्रमुखांकडे गेलो. ते पहिल्या पानाच्या फोटोओळी तपासत होते.

“साहेब, तेराचा मथळा बदलायचाय. अमेरिका जिंकलेली नाही.”

“दहा-सहा आहे ना? जिंकणारच की. कोण वाचतंय गोल्फ?”

“साहेब, युरोप पहिल्या पाचही सामन्यांत पुढे आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “तुला खात्री आहे युरोप जिंकणार याची?”

“नाही. पण अमेरिका अजून जिंकलेली नाही, एवढी खात्री आहे.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “खाली सांग, तेराची प्लेट थांबवा. दहा मिनिटं. अकरावं नाही.”

जिने उतरून प्लेट विभागात गेलो. तिथल्या काकांनी हातातलं काम न सोडता मान हलवली. वर येऊन पान लावणाऱ्या दादाशेजारी उभा राहिलो. चौकटीतून कोणतं वाक्य काढायचं हे आता तोंडी ठरवायचं होतं. निकलसचा पट ठेवला, 1985 ठेवलं, मिचेलचं अपेंडिक्स गेलं. मथळा झाला ‘युरोपची झुंज’. खाली एक ओळ : अंक छपाईला जाईपर्यंत सामने सुरू होते. नऊ मिनिटं लागली.

माझी पाळी दोनला संपत होती. मी घरी गेलो नाही. मैदानावरचं चित्र माझ्यापुढे नव्हतंच, होता तो संकेतस्थळावरचा धावफलक. युरोप निळ्या रंगात, अमेरिका लाल. दर मिनिटाला पान ताजं करायचं आणि रंग बघायचे. ल्यूक डोनाल्ड जिंकला, इयान पोल्टर जिंकला. पोल्टरनी आदल्या संध्याकाळी शेवटच्या पाच होलवर पाच बर्डी (होलसाठी ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मारल्या नसत्या, तर रविवारची ही आशाच उरली नसती. वेळ चुकवून आलेला मॅकिलरॉय जिंकला. जस्टिन रोझनी सतराव्यावर लांबलचक पट घातला, अठराव्यावर आणखी एक, आणि फिल मिकलसनला हरवलं. पॉल लॉरीही जिंकला. पहिले पाचही सामने युरोपचे. उलट्या बाजूनी अमेरिका तीन सामने घेऊन गेली, पण ली वेस्टवूड आणि सर्जिओ गार्सियानी पुन्हा ओढून आणलं.

माझ्या डोक्यात सारखा 1999 चा, अमेरिकेतल्या ब्रुकलाइनचा रायडर चषक घोळत होता. तेव्हा युरोप 10-6 ने पुढे होता आणि अमेरिकेनी रविवारी तो सामना फिरवला, 14½-13½. सतराव्या ग्रीनवर जस्टिन लेनर्डचा 45 फुटांचा पट गेला आणि अमेरिकन खेळाडू आनंदानी ग्रीनवर धावत सुटले. प्रतिस्पर्ध्याचा पट अजून बाकी होता, तो घातला असता तर होल बरोबरीत सुटला असता. त्यानी गलका निवायची वाट पाहिली आणि त्याचा पट हुकला. तो प्रतिस्पर्धी म्हणजे होसे मारिया ओलाथाबाल. तोच आता मेडायनात युरोपचा कर्णधार होता. सेव्हेचा जोडीदार, दोघांनी मिळून रायडर चषकात 15 सामने खेळले आणि फक्त दोन हरले. सेव्हे मे 2011 मध्ये गेला. त्या रविवारी युरोपचा संघ सेव्हेच्या निळ्या-पांढऱ्या कपड्यांत उतरला होता. तेच 10-6, तोच माणूस, बाजू फक्त उलटी.

पहाटे तीन वाजून गेले होते. ऑफिसात मी आणि सफाईवाल्या मावशी. अकराव्या सामन्यात जर्मनीच्या मार्टिन कायमरला शेवटच्या ग्रीनवर साधारण सहा फुटांचा पट घालायचा होता. गेला तर चषक राहिला. 1991 मध्ये कियावाला अगदी असाच, शेवटच्या ग्रीनवर, सहा फुटांचा पट आणखी एका जर्मन खेळाडूच्या वाट्याला आला होता. बर्नहार्ड लँगर. तो हुकला आणि युरोप अर्ध्या गुणानी चषकाला मुकला. मी पान ताजं केलं. तसंच. पुन्हा केलं. चौकोन निळा झाला होता. मी जागेवरून उठलो तर मावशी म्हणाल्या, “काय झालं हो, बाळ झालं का कुणाला?” मी त्यांना सगळं सांगितलं, पटापासून लँगरपर्यंत. त्यांनी झाडू भिंतीला टेकवून पूर्ण ऐकलं.

सोमवारी दुपारी बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या. एक, डाकेच्या वाचकांसाठी दुरुस्ती, त्याच पानावर. दुसरी, चार कॉलम. साहेबांनी दोन्ही दिल्या. दुरुस्ती मी स्वतः लिहिली, दोन ओळींची, ‘नजरचुकीने’ हा शब्द न वापरता.

चार कॉलमांत मी बाराही सामन्यांचा तक्ता घेतला. पान लावणारे दादा शेवटच्या ओळीवर अडले. “हे काय, वूड्स अर्धा, मोलिनारी अर्धा?” मी सांगितलं, कायमरचा पट गेला तेव्हा मागे टायगर वूड्स आणि फ्रान्सेस्को मोलिनारी यांचा सामना अजून चालू होता. तो वूड्सनी जिंकला असता तर 14-14 झाले असते. चषक युरोपकडेच राहिला असता, पण बरोबरी म्हणून. वूड्सचा छोटा पट हुकला. मग त्यानी मोलिनारीचा पट सोडून दिला, मारायला लावला नाही. म्हणून अर्धा. म्हणून 14½-13½.

“म्हणजे चौकटीतल्या त्या निकलससारखं,” दादा म्हणाले.

“हो.”

आमच्या मराठी फॉन्टमध्ये अर्ध्याचं चिन्ह नव्हतं. दादांनी ते इंग्रजी फॉन्टमधून आणलं. आकाराने मोठं वाटत होतं, ओळीच्या वर डोकावत होतं. त्यांनी एक पॉइंट लहान केलं, पुन्हा बघितलं, आणखी अर्धा पॉइंट कमी केलं, मग तक्त्यात चार ठिकाणी बसवलं.