दोन वाजेपर्यंत

तो आईला घेऊन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मी मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेच्या सुईऐवजी औषध देणाऱ्या केंद्रात, नर्स आहे. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, या केंद्रांत सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून देतात. तपासणी, समुपदेशन, संमतीपत्र सगळं झालं. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची सुई कधी?"

"काल रात्री."

त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या; नशा अंगात असली की त्या अशाच आकसतात. मी जवळ बसून म्हटलं, "खरं सांग रे. कोणी ओरडणार नाही."

"सकाळी सहाला."

म्हणजे दोनच्या आत गोळी नाही. मेंदूत ब्राउन शुगर जिथे बसते, तिथेच ही गोळी बसते, तिच्याहून घट्ट. पण असर अर्धवटच करते. अंगात माल असताना दिली, तर मालाला हुसकावते आणि टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, एकदम उसळते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी हे पाहिलंय. वेळ खोटी सांगितलेली, आम्ही विश्वास ठेवला. तो मुलगा उलट्या करत गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून मी घड्याळाआधी बाहुल्या बघते.

अकरानंतर जांभया सुरू झाल्या. बारापर्यंत नाक गळायला लागलं, पाय जागेवर राहीनात. तिशीतल्या त्या माणसाचं नाक आई पदराने पुसत होती. "सिस्टर, औषध कपाटात आहे ना? मग देत का नाही ओ?" का देत नाही, हे मी तिला दोनदा समजावलं होतं. तिसऱ्यांदा तोंडातून शब्द निघेना.

तो दोनदा दाराकडे गेला. माल कुठे मिळतो हे त्याला ठाऊक होतं, आम्हालाही. दुसऱ्या वेळी आमचा आउटरीचवाला, म्हणजे वस्तीत फिरून अशा लोकांना केंद्रात आणणारा, जो स्वतः याच गोळीवर आहे, त्याच्यासोबत पायरीवर जाऊन बसला. काय बोलले कोण जाणे, पण दोघं आत आले.

दोनला दंडावर काटा होता, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी मान हलवली. दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांची पूड मी त्याच्या जिभेखाली ठेवली. "गिळू नको, बोलू नको." पूड विरघळेपर्यंत मी समोरून हलले नाही. हळूहळू पाय थांबले. तासाभराने त्याने चहा मागितला.

"ही गोळी किती दिवस?" आईने विचारलं.

"वर्षभर तरी, कदाचित जास्तच. घाईने बंद केली आणि पुन्हा सुई घेतली, तर पूर्वी पचायचा तेवढाच माल जीव घेऊ शकतो."

ती बराच वेळ गप्प होती. मग पिशवी उचलत म्हणाली, "उद्या किती वाजता उघडता?"