दिवाळखोरीचा अर्ज आणि थकलेला जीएसटी : माझा अनुभव

दिवाळखोरी मंजूर झाली तरी सरकारचा कर सुटत नाही. आमच्या केळापूर तालुक्यात कितीतरी छोटे दुकानदार कर्जात बुडालेत, पण हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

गावात माझं कृषी केंद्र होतं. धंदा सारा उधारीचा. शेतकरी जूनमध्ये बियाणं, खत, औषध नेतो आणि कापूस विकला की पैसे देतो. बियाण्यावर जीएसटी नाही, पण खतावर 5 आणि कीटकनाशकावर 18 टक्के. बिल फाडलं की कर लागला, मग गिऱ्हाइकाचे पैसे येवोत न येवोत. दुसरीकडे घाऊक व्यापाऱ्याचं बिल 180 दिवसांत चुकतं झालं नाही, तर त्यावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, व्याजासकट परत करावं लागतं. बोंडअळी आणि अतिवृष्टीनं हंगाम गेले, उधारी अडकली आणि मी दोन्हीकडून सापडलो. त्यात थ्री-बी रिटर्न, म्हणजे जीएसटीचं कर भरण्याचं विवरणपत्र, पूर्ण कर भरल्याशिवाय दाखलच होत नाही, आणि मागचं अडलं की पुढचंही अडतं.

एका व्यापाऱ्यानं दावा जिंकून जप्ती आणली, तेव्हा यवतमाळला वकीलसाहेबांकडे गेलो. दिवाळखोरीचा 2016 चा नवा कायदा व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झालाय. आमच्यासारख्यांना जिल्हा न्यायालयात अजून 1920 चाच प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा. देण्यांची यादी पुढे केली, तर त्यांनी आधी विचारलं, "रिटर्न कुठवर भरलेत, भाऊ?"

कारण या 1920 च्या कायद्याच्या कलम 61 प्रमाणे वाटपात सरकारचं देणं पहिल्या रांगेत, आणि कलम 44 प्रमाणे न्यायालयानं देण्यांतून मुक्त केल्यावरही ते अंगावर राहतंच. म्हणून तो आकडा खरा हवा. रिटर्न थकल्यामुळे माझ्यावर जीएसटी विभागानं अंदाजानं कराचा आदेश काढला होता, खऱ्या करापेक्षा कितीतरी जास्त. आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत रिटर्न भरलं, तर असा आदेश मागे घेतला असं धरतात. तूर विकून आलेले पैसे त्यातच घातले.

रात्री बायको वही वाचायची, मुलगी संगणकावर आकडे टाकायची. नाव, गाव, बाकी. पानांना अजून औषधाचा वास होता. ही उधारीसुद्धा माझी मालमत्ता. ती यादीत दाखवावी लागते आणि वसुली रिसीव्हरच्या, म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालयानं नेमलेल्या माणसाच्या, हाती जाते. एका पानावर नवरा गेलेल्या बाईची बाकी होती. मुलगी थांबली, "बाबा, हे पान राहू द्यायचं का?" जीव तुटला, पण मालमत्ता लपवणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. पान लिहिलं. तिची परिस्थिती मात्र रिसीव्हरला अर्जानं कळवली, आणि ते मला आजही योग्य वाटतं.

मी शेतकरीही आहे, त्यामुळे राहतं घर, बैलजोडी, अवजारं आणि पेरणीपुरतं बियाणं जप्तीतून वाचलं. नादार जाहीर झाल्यावर व्यापाऱ्यांचा तगादा थांबला. कराचं तसं नाही. रिटर्नमध्ये आपणच दाखवलेल्या कराला हप्ते मिळत नाहीत. क्रेडिट परत करण्याच्या मागणीला मात्र अर्ज केल्यावर मिळाले, जास्तीत जास्त 24 महिन्यांचे. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात, म्हणून दूध डेअरीचे पैसे आले की आधी तो बाजूला काढतो.