रोपवाटिकेतून झाडे घेताना आलेला अनुभव

कोल्हापुरात गगनबावडा रस्त्याला, फुलेवाडीच्या उंचावरच्या भागात आमचे घर बांधून पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या भोवती जेमतेम दीड गुंठा मोकळी जागा उरली होती. वरची हातभर माती काळी, तिच्याखाली मुरूम आणि कुंपणाच्या भिंतीलगत गवंड्यांनी पुरून टाकलेला विटा-सिमेंटचा राडारोडा, अशी ती जागा. घरातल्या प्रत्येकाचे झाड मात्र आधीच ठरलेले होते. सासूबाईंना देवासाठी दारात सोनचाफा हवा होता, यजमानांना आंबा हवा होता, आणि मला बहावा व सीता अशोक ही दोन्ही झाडे हवी होती. त्याखेरीज जास्वंद, मोगरा, अनंत, सोनटक्का, गवती चहा अशी यादी वाढतच गेली.

ही यादी आम्ही रोपवाटिकेत पाऊल टाकण्याआधी घरीच बसून कमी केली, आणि ते फार बरे झाले, कारण तिथे गेल्यावर हात आखडता राहत नाही. आंब्याच्या दोन कलमांमध्ये 10 मीटर अंतर ठेवण्याची जुनी शिफारस आहे. त्या हिशोबाने आमच्याकडे एकच आंबा बसणार होता, आणि तोही घराच्या मागे. बहाव्याला रस्त्याकडचा कोपरा दिला, कारण तिथून विजेची तार जात नाही. शहरात स्वतःच्या अंगणातले झाडही 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. त्यामुळे ‘आता लावून टाकू, पुढे अडचण वाटली तर काढू’ हा हिशोब शहरातल्या माणसाने करू नये, असे माझे मत आहे. शौचालयाच्या टाकीजवळची जागा आम्ही फक्त झुडपांसाठी ठेवली.

बहुतेक लोक मृगाचा पाऊस पडल्यावर रोपे आणायला निघतात. मी मे महिन्यातच फिरायला सुरुवात केली. एक कारण असे की खड्डे उन्हाळ्यातच काढून उन्हात तापू द्यायचे असतात, म्हणजे मातीतली कीड आणि तिची अंडी कमी होतात. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे होते. पावसाळ्यात रोपवाटिकेतले प्रत्येक रोप टवटवीत दिसते, पण वैशाखात कोणाचे पाणी वेळेवर आहे, कोणाची रोपे हिरव्या जाळीखालून बाहेर ठेवल्याबरोबर माना टाकतात, हे लपत नाही. त्या दिवसांत गर्दी नसते, त्यामुळे मालकाला आपल्याशी बोलायलाही सवड असते.

पहिली मोठी रोपवाटिका हमरस्त्यालगत होती. दारातच फुललेली बोगनवेल, गुलाब, एक्झोरा यांच्या रांगा, आणि आत सात-आठ फूट उंचीचे, मोहोर येऊन गेलेले आंबे मोठ्या पिशव्यांत उभे होते. यजमान त्यांतल्या एका आंब्यासमोर थांबले ते हलेनातच. मी तिथल्या कामगाराला एवढेच विचारले, “हे झाड इथे वाढवले आहे का?” तो प्रामाणिक माणूस होता. “न्हाई ताई, आंध्रातनं गाडी येती. हितं आल्यावर मोठ्या पिशवीत भरतोय,” असे त्याने सरळ सांगितले. राजमुंद्रीजवळच्या कडियम भागात गोदावरीच्या काठी रोपवाटिकांचा मोठा व्यवसाय आहे आणि तिथली रोपे देशभर जातात. महाराष्ट्रातल्या अनेक विक्रेत्यांकडे दिसणारी शोभेची आणि मोठी झाडे तिकडूनच येतात. यात गैर काही नाही. पण विकत घेणाऱ्याला ते माहीत असले पाहिजे.

माझ्या विनंतीवरून त्याने एका जास्वंदीची पिशवी कडेने खाली सरकवून दाखवली. वरचा थर कोकोपीट आणि शेणखताचा, भुसभुशीत होता. बोट खुपसल्यावर आत मुठीएवढा घट्ट, लाल चिकणमातीचा गोळा लागला. मूळची माती तीच, आणि बाहेरचे सगळे नंतरचे. मुळांची टोके त्या गोळ्याच्या बाहेर फारशी आलेलीच नव्हती. असे रोप आमच्या काळ्या मातीत तसेच लावले, तर दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडते. बाहेर चिखल असताना आतला गोळा कोरडा राहू शकतो, किंवा एकदा भिजला की निथरत नाही. उपाय आहे, तो गोळा पाण्यात भिजवून, हलक्या हाताने मोकळा करून लावायचा. झुडपाला हे सोसते, पण सात फुटी आंब्याची मुळे अशी उघडी करणे मला पटले नाही. शिवाय त्या आंब्याची किंमत लहान कलमाच्या चौपटीहून अधिक होती. त्या दिवशी आम्ही तिथून फक्त मातीच्या कुंड्या घेतल्या.

दुसरी रोपवाटिका शहराबाहेर, उसाच्या शेतांच्या मधे आहे. बाहेरून ती रोपवाटिका वाटतच नाही. मालक स्वतः कलमे बांधतात आणि त्यांच्याकडे कृषी विभागाचा परवाना शेडमध्ये लावलेला आहे. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे आणि फळझाडांची कलमे-रोपे विकणाऱ्याला परवाना लागतो. फळझाड हे असे प्रकरण आहे की आपली फसगत झाली की नाही हे चार-पाच वर्षांनी, पहिले फळ हातात आल्यावर कळते, आणि तोपर्यंत बिलही हरवलेले असते. म्हणून परवाना पाहावा, मातृवृक्ष (ज्याच्या काड्या घेऊन कलमे बांधतात ते झाड) कुठे आहे ते विचारावे आणि बिलावर जातीचे नाव लिहून घ्यावे. या मालकांनी आम्हांला बांधावरचा आपला मातृवृक्षच नेऊन दाखवला, तिथे माझा निम्मा निर्णय झाला.

यजमानांचे मन हापूसवर होते. मालकांनी विकायची घाई केली नाही. हापूस एक वर्ष भरपूर येतो आणि पुढच्या वर्षी दडी मारतो, शिवाय फळात साका होतो, म्हणजे गराचा काही भाग पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव राहतो, हे त्यांनी समजावून सांगितले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ ही जात दरवर्षी फळते आणि तिच्या फळात साका होत नाही. ‘केसर’ही देशावर चांगला येतो. एकच झाड लावायचे असेल तर दरवर्षी फळणारेच लावावे, हा त्यांचा मुद्दा यजमानांना शेवटी मान्य झाला आणि आम्ही रत्नाचे कलम घ्यायचे ठरवले.

कलम निवडताना त्यांनी जे दाखवले ते मी लक्षपूर्वक पाहिले. मी सवयीने शेंड्याच्या लालसर पालवीकडे पाहत होते. ते म्हणाले, “ताई, शेंडा बघू नगासा, बुडका बघा.” रायवळ आंब्याच्या खुंटावर, म्हणजे मुळासकट असलेल्या खालच्या रोपावर, पाचर मारून हे कलम बांधलेले होते. सांध्याच्या खालची आणि वरची जाडी जवळजवळ सारखी होती, साल दोन्ही बाजूंनी जुळून आलेली होती आणि मधे फट किंवा डिंक नव्हता. बाजूच्याच एका कलमाचा वरचा भाग खुंटापेक्षा बराच बारीक होता आणि सांध्याशी तो थोडा वाकलेला होता. ते त्यांनी स्वतःहून बाजूला काढले. एकावर अजून प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती आणि ती सालीत रुतू लागली होती. खुंटावर सांध्याच्या खालून फुटलेली एक हिरवीगार फांदी दाखवून, रोप जोमदार दिसते म्हणून लोक नेमके हेच उचलतात, असे ते हसत म्हणाले. ती फांदी रायवळची. ती वाढली की वरचे कलम मागे पडते. पिशवी उचलून बुडाची भोकेही त्यांनी दाखवली. भोकांतून एखादे पांढरे मूळ डोकावले तर रोप पिशवीत नीट रुजले आहे असे समजावे. जाड तपकिरी मूळ बाहेर येऊन जमिनीत शिरले असेल, तर पिशवी उचलतानाच ते तुटते आणि झाड मान टाकते. ज्या कलमाची पालवी अगदी कोवळी आहे तेही नेऊ नये, पाने जून झाल्यावर न्यावे, असे सांगून त्यांनी आमचे कलम पावसाला सुरुवात होईपर्यंत आपल्याकडेच राखून ठेवले.

सोनचाफाही त्यांच्याकडेच मिळाला, अर्थात कलमी. बियांपासूनच्या चाफ्याला फुले यायला बरीच वर्षे लागतात, आणि तो उंचही खूप जातो. “माझ्या हातानं तोडाय येतील एवढाच उंच पायजे,” ही सासूबाईंची अट असल्यामुळे निवडीला वावच नव्हता.

रानझाडांच्या बाबतीत मात्र गणित उलटे आहे. बहावा, ताम्हण, करंज, कदंब अशी झाडे बियांपासून वाढवलेली आणि लहानच घ्यावीत. सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत ती पिशव्यांत मिळतात, आणि वनमहोत्सवाच्या दिवसांत तर सवलतीच्या दराने. तिथे निवडीची चैन नसते. जे त्या हंगामात तयार असेल ते घ्यावे लागते, पण रोप याच हवामानात वाढलेले असते. मला हा मुद्दा मोलाचा वाटतो, कारण आपल्या जिल्ह्याचे हवामान एकसारखे नाही: कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो, तर याच रस्त्याने पश्चिमेला गेल्यावर गगनबावड्याला त्याच्या पाचपट. आम्ही गुडघाभर उंचीचा, सरळ खोडाचा बहावा घेतला. शेजारी खोडाने वाकलेला, पण दुप्पट उंच एक होता. तो पिशवीत जास्त दिवस राहिलेला दिसत होता आणि त्याची मुळे आत गोल फिरलेली असणार, म्हणून तो सोडला.

सीता अशोकाच्या शोधात मात्र दमछाक झाली. ‘अशोक आहे का?’ असे विचारले की सगळीकडे हो म्हणत आणि समोर आसूपालव उभा करत. आसूपालवाची पाने सुटी, लांबट आणि कडेला नागमोडी असतात. सीता अशोकाचे पान संयुक्त असते, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात, आणि कोवळी पालवी तांबूस, खाली लोंबणारी असते. हा फरक माहीत असूनही एका ठिकाणी मला “दोन्ही एकच ओ ताई” असे ठासून सांगण्यात आले. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

झुडपांची खरेदी त्यामानाने सोपी झाली. पानाची मागची बाजू उलटून पाहायची, पेराच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का ते पाहायचे, आणि खोडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर कीड असणारच असे धरून चालायचे. जास्वंदीची दोन रोपे मी याच कारणाने परत ठेवली. पिवळी कण्हेर दिसायला आणि टिकायला उत्तम, पण तिचे सर्वांग विषारी आहे आणि आमच्याकडे लहान मूल येत-जात असते, म्हणून तिला नाही म्हटले. ओळीत, झटपट कुंपण होते म्हणून एके ठिकाणी कोनोकार्पस सुचवले गेले. शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे एवढे मला पुरेसे होते. त्याऐवजी कुंती घेतली, तिच्या पांढऱ्या फुलांना संध्याकाळी वास येतो.

सोनटक्का, कर्दळ, निशिगंध, गवती चहा ही वर्षानुवर्षे टिकणारी मंडळी कंद किंवा ठोंबातून वाढतात, त्यामुळे फुललेली कुंडी न घेता जास्तीत जास्त फुटवे असलेली कुंडी शोधावी. आमच्या सोनटक्क्याच्या एका कुंडीचे घरी तीन भाग झाले आणि तिन्ही मोरीच्या पाण्याच्या वाटेवर लावले, कारण त्याला ओल हवी. या कुंड्यांत पाहायची एकच गोष्ट म्हणजे लव्हाळा. तीन कडांची ती बारीक पात वर दिसली की खाली गाठी असणार, आणि त्या एकदा अंगणात शिरल्या की निघत नाहीत. गवती चहा विकत घेण्याची वेळच आली नाही. शेजारच्या काकूंनी ठोंब उपटून दिला.

बिल करताना मी प्रत्येक झाडापुढे जात आणि ‘कलमी’ की ‘बियांचे’ हे लिहून मागितले. रोपांवर जीएसटी लागत नाही. झाडे छोट्या हत्तीतून आणली. आदल्या दिवशी पाणी दिलेले होते, निघताना दिले नाही. ओली माती हिंदकळून गोळा फुटतो. कलमे आडवी ठेवून वर ओली पोती टाकली, आणि उतरवणाऱ्याला झाड खोडाला धरून उचलू नका, पिशवीला धरा, हे मला दोनदा ओरडून सांगावे लागले.

आंब्याचा खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल काढलेला होता आणि वळवाच्या पावसाने तो दोनदा भिजला होता. राडारोडा वेचून काढून शेणखत, मुरूम, पालापाचोळा आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून तो भरला. काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तुंबते, म्हणून झाडे जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावली आणि कलमाचा सांधा मातीच्या बराच वर राहील असे पाहिले. जून महिन्याच्या अखेरीस पाऊस बसल्यावर लागवड झाली. काठीचा आधार खोडापासून थोडा दूर रोवून सुतळीने सैल बांधला. पहिल्या पावसाळ्यात अनंताने सगळी पाने टाकली आणि श्रावणात पुन्हा पालवी धरली. मोगऱ्याचे एक रोप मात्र गेले. दिवाळीनंतर आंब्याच्या खुंटावर सांध्याखाली एक कोंब आला, तो नखानेच खुडून टाकला.

सीता अशोकाचा खड्डा अजून मोकळा आहे. कलमे बांधणाऱ्या त्याच मालकांनी जुन्या झाडाच्या शेंगांमधले बी रुजवले आहे, पण रोपे अजून चार-सहा पानांवरच आहेत आणि एवढी लहान ती देणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. इसार देऊन दोन रोपे मी पुढच्या मृगासाठी राखून ठेवली आहेत, आणि पावतीवर त्यांनी जातीपुढे ‘बियांचे’ असे न सांगता लिहून दिले.