बाहेर उणे ४०, आणि एसी बंद!

एप्रिलची दुपार, साताऱ्यात पोवई नाक्यावर उन्हानं डोकं फिरायची वेळ आणि आमच्या गाडीचा डिस्प्ले सांगतोय बाहेर -४०. बायकोनं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळे हसले. मग कळलं की एसी पण गार करत नाहीये, नुसता पंखा गरम हवा मारतोय.

ही दोन्ही दुखणी एकच असतील हे पहिल्या गॅरेजमध्ये कुणी धरलंच नाही, तिथं सरळ "गॅस भरायला लागतोय, नाहीतर कंप्रेसर गेला" असं सांगून मोकळे. मला काय ते पटेना, कारण गॅस कमी झाला की शक्यतो एसी हळूहळू उतरतो, आमचा तर सकाळी चांगला आणि दुपारी ठप्प, कंप्रेसर चालू करणारा क्लच लागताना टक् वाजतं ना ते वाजतच नव्हतं.

झालंय असं की ऑटोमॅटिक एसीवाल्या बऱ्याच गाड्यांत बाहेरचं तापमान बघून कंप्रेसर लावायचा का नाही ते ठरतं, बाहेर शून्याच्या आसपास गारठा असला तर तो लावतच नाही. आणि ते तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर, थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो. मग सेन्सर किंवा वायर तुटली की रेझिस्टन्स अफाट होतो आणि गाडीला वाटतं लय थंडी पडलीय. शॉर्ट झाला तर उलटं, भलतंच गरम दाखवणार.

करंज्यात ओळखीचे वायरिंगवाले काका आहेत, त्यांच्याकडं गेलो. म्हणलं काका, गॅसचं राहूद्या, आधी हा आकडा बघा. "आरं मग बंपरच्या आत आसंल ते, वाक खाली." खालचं कव्हर सोडलं तर रेडिएटरच्या पुढं बोटाएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झालेला. कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग) काढला तर एका पिनवर हिरवी भुकटी आणि दुसरी पिन सेन्सरच्या बुडातनंच हलत होती, म्हणजे पाणी आत शिरून बरेच दिवस गंजायचं काम चालू असणार.

तरी काकांनी मीटर लावलाच. चावी ऑन करून कपलरवर ५ व्होल्ट येतायत, म्हणजे वायरिंग बरं. सेन्सरच्या दोन पिनांवर मात्र काहीच नाही, ओपन, म्हणजे आतून तुटलेला. मग कपलरची दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडली, डिस्प्ले -४० वरून हलला, वर जायला लागला! (हे ५ व्होल्ट बघितल्यावरच करा, कुठल्याही कपलरात वायर खुपसत बसू नका.)

नवीन सेन्सर चेसिस नंबर सांगूनच घेतला, कारण दिसायला सारखे असले तरी रेझिस्टन्स गाडीगणिक वेगळा असतो, भलता बसवला तर आयुष्यभर चुकीचं तापमान बघत बसायचं. गॅस भरायला जेवढे सांगितले होते त्याच्या पावपटीत काम झालं. बसवायच्या आधी काकांनी तो मुठीत धरून मीटरवर रेझिस्टन्स बघितला, आकडा खाली यायला लागला. मग शेजारच्या रसवंतीवरून बर्फ आणून पिशवीत गुंडाळून लावला तर आकडा सरसर वर. बास, माल चांगला. कपलर साफ करून थोडं ग्रीस लावलं आणि वायर टायनं वर बांधली.

बसवल्यावर एसी लगेच सुरू झाला, डिस्प्लेवरचा आकडा मात्र लवकर चढेना. काका म्हणले घाबरू नको, हायवेला जाऊन ये. सिग्नलला उभं राहिलं की रेडिएटरची धग सेन्सरला लागते, म्हणून बऱ्याच गाड्यांत आकडा वर जायला मुद्दाम वेळ लावलेला असतो, गाडी वेगात असली की सुधारतो. वाढे फाट्यापुढं गेल्यावर ३७ वर येऊन थांबला.

आणि हो, काही गाड्यांत हा सेन्सर बंपरमध्ये नसतो, साइड मिररच्या खाली असतो. आरसा कुणी ठोकला असेल आणि मग तापमान बिघडलं असेल तर बंपर खोलायच्या आधी तिथं बघा.