डॅनिश वही, सातवा महिना: ऊन, ऊब आणि उकाडा

या महिन्यात नवे शब्द फक्त 41 झाले. पण जुनी 30 कार्डं फाडून नव्याने लिहिली, आणि माझ्या लेखी तीच या महिन्याची खरी कमाई आहे.

मी डॅनिश शिकतेय ती इंग्रजीतून, पुस्तकं तशीच मिळतात म्हणून. कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द, मागे डॅनिश. ऊन आणि उष्णतेच्या धड्याला पोहोचेपर्यंत हे छान चाललं होतं. (डॅनिश शब्द इथे स्पेलिंगच्या अंगाने लिहितेय, बोलताना त्यातली बरीच अक्षरं गिळली जातात.)

सुरुवात सोपी होती. सूर्य 'सोल', सूर्यप्रकाश 'सोलल्यूस', पडलेलं ऊन 'सोलस्किन', किरण 'स्ट्रोले'. अडले ती 'हॉट' आणि 'वॉर्म'पाशी. इंग्रजीत हे दोन वेगळे, डॅनिशमध्ये रोजच्या वापरात दोन्हींना 'वार्म'. चहा वार्म, स्वेटर वार्म, जुलैची दुपारही वार्म. मी 'हॉट'च्या मागे 'हेद' लिहून ठेवलं होतं. 'हेद' आहे, पण तो भाजून काढणाऱ्या उष्णतेसाठी. कढत कॉफीला 'स्कोल्दहेद' म्हणतात, म्हणजे पोळेल इतकी.

हा फरक डोक्यात बसवला तो डेन्मार्कच्या हवामान संस्थेने. सलग तीन दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी 25 अंशांच्या वर गेली की 'वार्मेब्योल्गे', 28 च्या वर गेली की 'हेदेब्योल्गे'. मी नागपूरची, मे महिन्यात 45 बघत वाढलेली. 28 ला उष्णतेची लाट म्हणतात हे पचायला वेळ लागला. पण त्या देशाचा आजवरचा विक्रम 36.4 अंशांचा, होल्स्टेब्रोला 10 ऑगस्ट 1975 रोजी नोंदलेला. तो आकडा वाचला आणि 28 चं वजन कळलं. आता कार्डावर इंग्रजी शब्दच नाही, फक्त 25 आणि 28 आहेत.

मग वाक्यं. ऑनलाइन तासाला मी 'याय एर वार्म' म्हणाले, शब्दाला शब्द ठेवून. शिक्षिकेनं तिथेच थांबवलं. उकडत असेल तर 'याय हार दे वार्म्त' म्हणायचं. 'मी मजेत आहे' म्हणतानाही हीच रचना येते, 'याय हार दे गोट'. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आपणही 'मी गरम आहे' म्हणत नाही, 'मला गरम होतंय' म्हणतो. मधलं इंग्रजी बाजूला ठेवलं असतं तर ही चूक झालीच नसती. थंडीत शेकोटीजवळ बसून अंगात ऊब आली, तर त्याला 'फो वार्मन'.

ऊब म्हटलं की 'लुन' आलाच. या महिन्यातला माझा सर्वांत लाडका शब्द. लुन म्हणजे हवीहवीशी उष्णता, आणि त्याच दमात वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा. बहुतेक बाजूंनी समुद्राने वेढलेल्या, वारा सतत वाहणाऱ्या देशात आडोसा हीच ऊब, हे त्या तीन अक्षरांच्या शब्दात मावलंय. जेवणातही तो येतो: डुकराच्या यकृताचं 'लेवरपोस्टाय' गरम करून वाढलं तर ते 'लुन लेवरपोस्टाय'. इथे मराठीतला 'ऊन' डोळ्यांपुढे आला. ऊन पडलंय, आणि ऊनऊन भात. मूळ एकच, संस्कृत 'उष्ण'.

फसवणारी जोडी एकच, पण जपून. 'सोलब्रेन्ट' दिसायला हुबेहूब इंग्रजी 'सनबर्न्ट', अर्थ मात्र उन्हाने रापलेला. कातडी लाल होऊन सोलली तर 'सोलस्कोल्दत', उन्हाने पोळलेला. मराठीत रापणं आणि पोळणं ही क्रियापदं तयारच आहेत, त्यामुळे कार्डाच्या पुढे तीच लिहिली. 'स्क्यूगे'चंही तसंच. इंग्रजीत 'शेड' आणि 'शॅडो' दोन, डॅनिशमध्ये एकच, आपल्याकडे 'सावली'. दमट उकाड्याला 'लुमर'.

उच्चार अजून कच्चे आहेत. 'वार्म' म्हणताना गळ्यात क्षणभर अडकल्यासारखा झटका येतो, त्याला 'स्ट्यो' म्हणतात. 'वार्मे' हे नाम म्हणताना तो नाही. 'सोल'ला आहे, 'सोलस्किन'च्या 'सोल'ला नाही. रोज वीस मिनिटं या जोड्या रेकॉर्ड करून ऐकतेय. 'हेद'च्या शेवटचा मऊ 'द' जिभेचं टोक वरच्या दातांना न टेकवता काढायचा असतो, तो परवा पहिल्यांदा जमला.

शेवटचं कार्ड काल लिहिलं. आना आंकर या डॅनिश चित्रकर्तीचं 1891 चं चित्र आहे, डेन्मार्कमधल्या स्कागेन गावातलं: निळी खोली, मुलगी पाठमोरी बसून क्रोशाकाम करतेय, आणि खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर चौकटी-चौकटींनी पडलंय. चित्राच्या नावातही 'सोलस्किन' आहे. मी कितीतरी वेळ त्या भिंतीकडेच बघत बसले. 'स्ट्रोले' म्हणजे किरण, तो हवेतून येतो. भिंतीवर उतरलेल्या उजेडाला आपण कवडसा म्हणतो. कार्डावर चित्राची छोटी प्रिंट चिकटवली, मागे डॅनिशमध्ये 'भिंतीवरचा उजेड' लिहिलं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने 'कवडसा'.