आबांचे वकील बसायचे ते हॉटेल

चाळीसगाव, १७ मे

स्टेशन रोडवरचा जुना लॉज पाडायला घेतलाय. सकाळी दुधाला गेलो तर सागवानी गॅलरी निम्मी खाली आलेली आणि पुढे फलक टांगलेला : वन व टू बीएचके, बुकिंग सुरू. घरी येईपर्यंत डोक्यात मात्र भलतंच हॉटेल घोळत होतं.

औरंगाबादला खंडपीठ नव्हतं तेव्हाची गोष्ट. बांधाचा दावा हायकोर्टात पोचला आणि आबा मला घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. मी असेन दहाएक वर्षांचा. वकीलसाहेब काळा घोड्याजवळ, एस्प्लनेड मॅन्शनमध्ये बसत. बिडाचे उंच खांब, ऐसपैस जिना, आणि वर गेलं की फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्याच खोल्या. एकीत टाइपरायटर खडखडतोय, शेजारी कुणाचा तरी स्टोव्ह भरभरतोय. आबा पुटपुटले, "हाई हापिस शे का कोंडवाडा?"

ते वॉटसनचं हॉटेल होतं, हे मला फार उशिरा कळलं. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनीअरने आखलेला बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतला, बोटीने आणून इथे जोडला. १८७० साली आमच्या चाळीसगाव-भुसावळवरून जाणारी रेल्वे थेट कलकत्त्याला जोडली गेली आणि पुढच्याच वर्षी हॉटेल सुरू झालं. तिथे उतरलेले कितीतरी साहेब आमच्या कपाशीतून झोपेत गेले असतील! ७ जुलै १८९६ला ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं याच हॉटेलात दाखवली, तिकीट एक रुपया. देशातला पहिला सिनेमा तो.

१९६०च्या दशकात हॉटेल संपलं, खोल्यांचे तुकडे करून भाड्याने गेले. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. २००५ साली गॅलऱ्यांचा भाग कोसळून एक माणूस गेला. २०१९मध्ये सगळ्यांना बाहेर काढलं.

मी मालकालाही नावं ठेवत नाही आणि भाडेकरूंनाही. आमचंही धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर तिघा भावांत वाटलं गेलं. भिंती वाटल्या, ओटा वाटला, चुलीची जागासुद्धा वाटली. धाबं तेवढं सामाईक राहिलं. दरवर्षी मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकायची, एवढंच काम. पण गाडीभर खारीचे पैसे कोणी द्यायचे? मोठे काका म्हणत, गळतं धाकट्याकडे. धाकटे म्हणत, पाणी तुंबतं थोरल्याकडे. तिसऱ्या पावसाळ्यात मधलं घर बसलं. मधलं म्हणजे आमचं. बांधाचा दावा आबा तोवर जिंकले होते.

संध्याकाळी पुन्हा लॉजकडे चक्कर टाकली. बुकिंगच्या टेबलावरच्या पोराला विचारलं, "गच्ची कोणाची राहील रे?"

"सोसायटीची, काका."

"आणि सोसायटी कधी होणार?"

"सगळे फ्लॅट गेले की करू ना," म्हणाला आणि माझा मोबाइल नंबर मागू लागला.