गोव्यात व्हॅन थंड ठेवायची तर आधी ती कोरडी ठेवा: माझा अनुभव

गोव्यात एप्रिल-मेमध्ये पारा सहसा ३४-३५ च्या वर जात नाही. विदर्भातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. पण मेअखेरीस ढग जमायला लागले की दुपारी ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असा जोड जमतो आणि हवेचा दवबिंदू २७ च्या घरात जातो. म्हणजे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं, मग ती काच असो, एसीचा पाइप असो की पलंगाखालची लोखंडी पट्टी. कॅम्पर व्हॅनमध्ये एसी बसवताना मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच. इथे एसीचं निम्मं काम गारवा देण्याचं नाही, पाणी उपसण्याचं आहे.

गाडी फोर्स ट्रॅव्हलरची, उंच छपराची. आतली हवा साधारण १४ घनमीटर. सगळ्यांचा पहिला प्रश्न "किती टनाचा लावू?" असतो आणि गॅरेजात हमखास मिळणारं उत्तर "पत्रा तापतो, दीड टनच लावा" हे असतं. इथेच गाडी चुकते. एवढ्याशा जागेत साधा दीड टनाचा एसी आठ-दहा मिनिटांत ठरवलेल्या तापमानाला पोचतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर जमलेलं, अजून ट्रेमध्ये न उतरलेलं पाणी पुन्हा हवेत सोडतो. तापमान २४ दाखवतं, आर्द्रता ७० च्या खाली येत नाही, अंगाला थंडी वाजते आणि चादर तरीही चिकट लागते. एसी छोटा हवा आणि तो संथपणे, न थांबता चालायला हवा. म्हणून १ टनाचा इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसर बंद न करता त्याचा वेग कमी-जास्त करणारा) घेतला. पण तो पुरा पडावा यासाठी आधी दोन कामं करावी लागली: फटी बुजवणं आणि इन्सुलेशन.

फटींचा हिशेब मांडला की डोळे उघडतात. तासाला ३० घनमीटर बाहेरची हवा आत शिरते असं धरा. दाराचं रबर थोडं बसलेलं असलं तरी एवढी सहज शिरते. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के, आत २६ अंश आणि ५५ टक्के. या हवेतली नुसती उष्णता काढायला जेमतेम ६० वॅट लागतात. पण तिच्याबरोबर तासाला पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास जादा पाणी वाफेच्या रूपात येतं आणि ते कॉइलवर उतरवायला एसीला सुमारे २५० वॅटचं काम पडतं. चौपट. कोरड्या हवेच्या प्रदेशात फट परवडते, मांडवीकाठी परवडत नाही.

फटी शोधायला अगरबत्ती पुरते. गाडीची दारं-खिडक्या बंद करून पुढचा ब्लोअर बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत पूर्ण वेगाने लावला की आत दाब वाढतो आणि जिथून हवा निसटते तिकडे धूर ओढला जातो. माझ्याकडे मागच्या दाराचा खालचा कोपरा, सरकत्या दाराची खालची खाच, पॅडलच्या मागे वायरी जातात ती भोकं आणि ओट्याचं सिंक एवढ्या जागा निघाल्या. सिंकच्या पाइपला पाणी साठणारा यू-आकाराचा बाक नसेल तर तो पाइप म्हणजे बाहेरच्या दमट हवेला दिलेलं उघडं दारच. कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथून पाणी जातं, हवा येते असं वाटतच नाही. एसी चालू असताना डॅशबोर्डवरची झडप मात्र आतलीच हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवायची.

सगळं बुजवून टाकायचं असंही नाही. दोन माणसं झोपली की बंद व्हॅनमधला कार्बन डायऑक्साइड तासाला दोन हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांमागे भाग) आसपास वाढतो. सकाळी डोकं जड होतं त्याचा दोष लोक एसीला देतात. म्हणून ५० मिलिमीटर व्यासाचं, जाळी आणि झाकण असलेलं एक भोक मुद्दाम ठेवलं आहे, रात्री ते अर्धं उघडं असतं. हवा कुठून आणि किती यावी हे आपण ठरवायचं, झिजलेल्या रबराने नव्हे.

छपराचं इन्सुलेशन बाकी सगळ्यांहून महत्त्वाचं. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. गडद रंगाचा पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो. नऊ-दहा चौरस मीटरच्या छपरातून, खाली नुसती प्लायवूडची शीट असेल तर, बारा-चौदाशे वॅट उष्णता आत येते. २५ मिलिमीटर नायट्रिल रबर फोम लावला की ती चारशेच्या आसपास उतरते. फोम बंद पेशींचाच हवा. ग्लासवूल स्वस्त मिळतं, पण ते पाणी पितं. पावसाची सर येऊन पत्रा अचानक गार झाला की आतली वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला धरते, ग्लासवूल ते पाणी धरून ठेवतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून खायला लागतो. फोम चिकटवण्याआधी पत्रा थिनरने पुसायचा, नाहीतर मागे गोंद असलेली शीटसुद्धा उन्हात लोंबायला लागते. छपराच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवरही किमान १० मिलिमीटरचा थर हवाच. पट्ट्या उघड्या राहिल्या तर उष्णता तिथूनच उतरते. छप्पर पांढरं रंगवलं आणि सोलर पॅनेल पत्र्यापासून ८० मिलिमीटर वर उचलून बसवले. पॅनेलच्या सावलीचा उपयोग विजेइतकाच होतो.

पुढची काच हा सगळ्यात मोठा शत्रू. आतून लावलेला चंदेरी पडदा उष्णता काचेच्या आत येऊ दिल्यावर अडवतो. काचेच्या बाहेरून टाकलेलं कापडी आवरण ती आत येऊच देत नाही. शिवाय पुढच्या सीटांच्या मागे जाड, अस्तर लावलेला पडदा सोडला की केबिनची जागा एसीच्या वाट्याला येत नाही.

आता एसी. छतावर बसणारे परदेशी आरव्ही एसी साधारण १४ बाय १४ इंचाच्या भोकात बसतात आणि दिसायला नेटके असतात. पण ते गाडीची उंची वाढवतात, गावातल्या अरुंद रस्त्यांवर आंब्या-फणसाच्या फांद्या असतात आणि सुटे भाग मिळायला वेळ लागतो. ट्रकसाठीचे २४ व्होल्टचे पार्किंग एसी झोपायच्या छोट्या केबिनसाठी ठीक, अख्ख्या व्हॅनला कमी पडतात. खिडकीच्या एसीचा एक मोठा फायदा आहे: त्याची गॅसची सगळी जोडणी कारखान्यातच ब्रेझिंगने (वितळलेला धातू ओतून केलेल्या पक्क्या जोडाने) बंद केलेली असते, हादऱ्याने सुटायला फ्लेअर नट (पाइपचं पसरवलेलं तोंड आवळून धरणारे नट) नसतातच. आवाज मात्र झोप मोडणारा. शेवटी स्प्लिट घेतला, त्याची डोकेदुखी माहीत असूनही.

ती डोकेदुखी म्हणजे गळती. घराच्या भिंतीवरचा एसी हलत नाही, व्हॅनमधला चोर्ला घाट चढतो. पहिल्या काही शे किलोमीटरांत फ्लेअर नट ढिले होतात आणि मग कोणीतरी सांगतं, "गॅस कमी झालाय, भरून देतो." भरून काही होत नाही, गळती तशीच राहते. आम्ही शक्य तेवढे जोड ब्रेझिंगने केले. युनिटवरचे जे दोन जोड उरले ते टॉर्क रेंचने आवळले: पाव इंची पाइपला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांश इंचीला ३३ ते ४२. पान्याने "घट्ट" केलेला नट एकतर सैल राहतो किंवा फ्लेअर चिरतो. बाहेरच्या युनिटजवळ तांब्याच्या पाइपला एक मोठा वेढा दिला, म्हणजे हादरा जोडावर न जाता वेढ्यात जिरतो. युनिटखाली रबरी माउंट आहेत. मग नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने तपासणी, रात्रभर दाब टिकतो का ते पाहणं आणि शेवटी व्हॅक्यूम पंप. पंप दहा मिनिटं लावून "झालं" म्हणणाऱ्याला थांबवायचं. पाइपमधला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं एकक) खाली जाऊन तो आकडा टिकला पाहिजे. इथल्या हवेत पाइप अर्धा तास उघडा राहिला तरी आत ओल जाते. गॅस आर-३२, तो वजनकाट्यावर मोजून भरायचा, युनिटच्या पाटीवर लिहिला आहे तेवढाच. तो थोडा ज्वलनशील असतो आणि हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साठतो. पूर्ण मिसळला तर १४ घनमीटरात ६०० ग्रॅम म्हणजे पेट घेण्याच्या मर्यादेच्या बरंच खाली, पण शेगडी खालच्या कप्प्यात असेल तर तिच्याजवळून पाइपचा जोड नेऊ नका.

बाहेरचं युनिट मागच्या दाराच्या बाजूला ब्रॅकेटवर आहे. चासीखाली बसवलं तर लाल चिखल आणि समुद्राकाठची खारी फवारणी थेट कॉइलवर, शिवाय गरम हवा गाडीखालीच कोंडून तीच पुन्हा आत ओढली जाते. किनाऱ्यालगत चार दिवस राहिल्यावर कॉइल गोड्या पाण्याने धुवायची, आतून बाहेर, साध्या पाइपने. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप मारला तर अॅल्युमिनियमच्या पाकळ्या आडव्या होतात आणि हवा अडते.

सगळ्यात जास्त तक्रार निचऱ्याची. दमट रात्री १ टनाचा एसी सुरुवातीला तासाला लिटरभर पाणी काढू शकतो. गाडी उतारावर उभी असेल तर ट्रेच्या चुकीच्या टोकाला पाणी साठून थेट गादीवर टपकतं. म्हणून आतल्या युनिटच्या माथ्यावर एक छोटी पाणसळ कायमची चिकटवली आहे आणि चाकाखाली घालायला दोन सागवानी फळ्या असतात. निचऱ्याच्या पाइपला सलग उतार हवा, मध्ये झोळ नको. तोंडाला बारीक जाळी हवीच, कारण कुंभारमाशी दोन दिवसांत मातीचं घर करून पाइप बंद करते. हे एकदा झालं की कॉइलमध्ये बिघाड शोधत अर्धा दिवस जातो.

विजेकडे वळू. स्थिर झाल्यावर हा एसी २५० ते ३५० वॅट घेतो, सुरुवातीला ९०० ते १०००. रात्रीची सरासरी ४५० धरली तर आठ तासांना ३.६ युनिट, बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरचं नुकसान धरून ४. बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ५.१ युनिट. एक रात्र निघते, दुसरी नाही. ८०० वॅटचे पॅनेल मोकळ्या उन्हात दिवसाला तीन-साडेतीन युनिट देतात, पण मोकळं ऊन म्हणजे तापलेली गाडी. सावली आणि सोलर यांत मी सावली निवडतो. फक्त माडाची नको. नारळ किंवा सुकलेली झावळी पॅनेलवर पडली की हिशेब मिटला, आणि पाडेली (नारळ पाडणारा) कधी झाडावर चढेल ते सांगून येत नाही.

होमस्टेच्या अंगणात वीज मिळते तेव्हा १६ अँपिअरचाच सॉकेट मागायचा. वायर २.५ चौरस मिलिमीटर, तीन गाभ्यांची, ३० मीटर. ती रिळावर गुंडाळलेली ठेवून एसी चालवला तर आतली वेटोळी तापून चिकटतात, म्हणून पूर्ण उलगडायची. मल्टिमीटरने फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हींमधले व्होल्ट पाहायचे. दुसरा आकडा दोन-तीन व्होल्टच्या वर असेल किंवा पहिला धड येत नसेल तर अर्थिंगवर विश्वास नाही, गाडी बॅटरीवरच चालवायची. आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि दोन्ही तारा तोडणारा चेंजओव्हर स्विच आहे, म्हणजे बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर कधी भेटत नाहीत.

चालवताना २६ अंश, पंखा मंद. पंखा जोरात ठेवला की हवा कॉइलवर थांबत नाही आणि पाणी कमी उतरतं. गाडी तापलेली असेल तर आधी दारं उघडून पाच मिनिटं कोंडलेली हवा जाऊ द्यायची. आतल्या ओलीकडेही लक्ष हवं: दोन माणसं रात्रभरात श्वास-घामातून अर्धा-पाऊण लिटर पाणी सोडतात, आणि उकड्या तांदळाची पेज तास-दीड तास रटरटत ठेवली तर एकटी तेवढी वाफ देते. पेज कुकरमध्ये, नाहीतर एसी लावायच्या आधी, छतावरचा पंखा बाहेर हवा फेकत असताना. एक स्वस्तातला आर्द्रतामापक उशाशी असू द्या. ६० च्या वर काटा गेला की गादीखाली बुरशीची सुरुवात होते. गादीखाली फळ्यांची जाळी आणि बोटभर मोकळी जागा ठेवली तर ती लांबते.

जून ते सप्टेंबर गाडी उभी असते तेव्हा आठवड्यातून दोनदा, वीज जोडून, ड्राय मोडवर तीन तास एसी चालवतो. बंद केल्यावर लगेच नुसता पंखा लावत नाही, ओल्या कॉइलचं पाणी आतच पसरतं. आधी ट्रे निथळू देतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास गाडी उघडली की पहिला वास घ्यायचा तो सीटच्या मागच्या कप्प्यात, तिथे हवा फिरत नाही. यंदा तिथे ५० मिलिमीटरची दोन भोकं पाडायची आहेत.